ब्लॅकजॅकमध्ये पत्ते मोजायला शिकताय? आधी पद्धत नीट निवडा

नव्या खेळाडूने विचारात घ्याव्यात अशा पद्धती दोनच आहेत: हाय-लो आणि नॉक-आउट. नॉक-आउटला सगळे केओ म्हणतात. ओमेगा-टू, हाय-ऑप्ट-टू, झेन या पद्धतींची कागदावरची ताकद थोडी जास्त दिसते आणि नवशिके नेमके तिकडेच ओढले जातात. टेबलावर तासाला साठ-सत्तर डाव होत असतात, शेजारचा माणूस गप्पा मारत असतो, डीलर भराभर पाने उचलत असतो. या सगळ्यात तुमच्याकडून ज्या पद्धतीत चूक होत नाही, ती तुमची पद्धत. पद्धतींमधला कागदावरचा फरक फार लहान असतो. एका शूमध्ये (अनेक कॅट एकत्र ठेवून पाने वाटायच्या पेटीत) दोन-तीन पाने मोजायची राहिली, तरी तो पुसला जातो.

पद्धतीकडे वळण्याआधी

बेसिक स्ट्रॅटेजी, म्हणजे तुमचा हात आणि डीलरचं उघडं पान पाहून काय खेळायचं याचा ठरलेला तक्ता, तोंडपाठ हवी. तुमच्याकडे 16 आणि डीलरचं दहा, एक्का-सत्ती आणि समोर नव्वी, दोन अठ्ठ्या आणि समोर दहा, अशा हातांवर क्षणभर जरी थांबावं लागत असेल, तर मोजणी अजून सुरू करू नका. मोजणीचा फायदा बेसिक स्ट्रॅटेजीच्या वर मिळतो. पाया कच्चा असेल तर मोजून मिळवलेला अर्धा-एक टक्का चुकीच्या हिट (आणखी पान घेणं) आणि स्टँडमध्येच (थांबणं) निघून जातो.

मग टेबल पाहा. ब्लॅकजॅक (पहिल्या दोन पानांत एक्का आणि दहाचं पान) लागल्यावर 3:2 ने पैसे मिळतात की 6:5 ने, हे टेबलाच्या कापडावर छापलेलं असतं. 100 च्या पैजेवर पहिल्या टेबलावर 150 मिळतात, दुसऱ्यावर 120. साधारण 21 हातांत एकदा ब्लॅकजॅक लागतो, त्यामुळे एवढ्याशा फरकाने कॅसिनोची आघाडी जवळपास 1.4 टक्क्यांनी वाढते. 3:2 च्या चांगल्या टेबलावर बेसिक स्ट्रॅटेजी बिनचूक खेळणाऱ्याविरुद्ध कॅसिनोची आघाडी अर्ध्या टक्क्याच्या आसपास असते. हाय-लोमध्ये ट्रू काउंट (मोजणीचा आकडा भागिले उरलेले कॅट, पुढे समजावला आहे) एकाने वाढला की साधारण अर्धा टक्का खेळाडूच्या बाजूला सरकतो. म्हणजे 3:2 च्या टेबलावर +1 ला बरोबरी होते आणि +2 पासून फायदा सुरू होतो. 6:5 च्या टेबलावर नुसत्या बरोबरीसाठी +4 च्या जवळ जावं लागतं, आणि सहा कॅटच्या शूमध्ये इतका काउंट क्वचितच येतो. अशा टेबलावर कोणतीही पद्धत वापरू नका, बसूच नका.

डीलर किती खोलवर वाटतो, हे तितकंच महत्त्वाचं. कापायचं प्लॅस्टिकचं पान शेवटून दीड कॅटवर ठेवलं असेल, म्हणजे सहापैकी साडेचार कॅट वाटले जात असतील, तर टेबल चांगलं. दोन किंवा त्याहून जास्त कॅट मागे ठेवले जात असतील, तर मोठे काउंट यायच्या आतच पाने पुन्हा पिसली जातात. जिथे प्रत्येक डावानंतर पाने परत यंत्रात टाकून सतत पिसली जातात, तिथे मोजण्यासारखं काही उरत नाही. संगणकावर चालणाऱ्या ऑनलाइन ब्लॅकजॅकचंही तसंच. तिथे दर डावाला नव्याने पिसलेला संच धरलेला असतो.

पानांना गुण का द्यायचे

लहान पाने वाटून संपली की उरलेल्या शूमध्ये दहाची पाने आणि एक्के दाट होतात. त्यातून ब्लॅकजॅक जास्त वेळा लागतात आणि दीडपट पैसे फक्त खेळाडूला मिळतात. डीलरला 12 ते 16 वर पान घ्यावंच लागतं, त्यामुळे तो जास्त वेळा फुटतो, म्हणजे 21 च्या वर जातो. तुमचा 10 आणि 11 वरचा डबलही (पैज दुप्पट करून एकच पान घेणं) जास्त वेळा साधतो.

सगळ्या पानांचं वजन सारखं नसतं. एका कॅटमधून एक पंजी निघून गेली तर खेळाडूच्या बाजूने सुमारे 0.7 टक्के फरक पडतो. चौकीने साधारण 0.55, छक्कीने 0.45, दुर्रीने 0.4 च्या थोडा आत आणि सत्तीने 0.3 च्या आसपास. अठ्ठीने काहीच पडत नाही. एक्का गेला तर खेळाडूचं सुमारे 0.6 टक्के नुकसान आणि दहाच्या किमतीचं पान गेलं तर अर्धा टक्का. प्रत्येक पद्धत म्हणजे या आकड्यांना पूर्णांकांत बसवायचा प्रयत्न. जितके बारीक गुण द्याल तितकं माप अचूक येतं आणि तितकंच डोक्यावरचं ओझंही वाढतं.

एडवर्ड थॉर्प यांनी 1962 मध्ये लोकांसमोर आणलेल्या पद्धतीत दहाची आणि इतर पाने वेगवेगळी मोजून त्यांचं गुणोत्तर काढावं लागायचं. सुरुवातीचं गुणोत्तर 36 ला 16, म्हणजे 2.25. टेबलावर हे जड जायचं. पुढच्याच वर्षी हार्वी डब्नर यांनी सुचवलेल्या +1 आणि −1 च्या सोप्या मोजणीतून आजची हाय-लो आली. साठ वर्षांनंतरही व्यावसायिक मोजणारे मोठ्या संख्येने तीच वापरतात, यावरून तिची किंमत ओळखावी.

हाय-लो

2 ते 6 यांना +1. 7, 8, 9 यांना शून्य. दहा, गुलाम, राणी, राजा आणि एक्का यांना −1. एका कॅटमध्ये +1 ची 20 पाने आणि −1 ची 20, त्यामुळे पूर्ण कॅट संपला की बेरीज शून्यावर येते. नव्या शूची सुरुवात शून्यापासून.

समजा पाने अशी पडली: पंजी, राजा, तिर्री, नव्वी, एक्का, छक्की, दुर्री. तुमची चालू बेरीज +1, 0, +1, +1, 0, +1, +2 अशी सरकते. हिलाच रनिंग काउंट म्हणतात. सरावाने एकेक पान मोजणं सुटतं आणि जोड्या दिसू लागतात. राजा आणि चौकी शेजारी दिसले की शून्य, डोळा पुढे.

हाय-लोची खरी कसोटी यापुढे लागते. रनिंग काउंट +8 आहे एवढ्यावरून काही कळत नाही, कारण ही आठ पानांची शिल्लक किती कॅटमध्ये पसरली आहे ते पाहावं लागतं. त्यासाठी रनिंग काउंटला उरलेल्या कॅटच्या संख्येने भागायचं. भागाकार म्हणजे ट्रू काउंट. सहा कॅटच्या शूमध्ये टाकलेल्या पानांच्या ट्रेमध्ये दोन कॅट दिसत असतील, तर उरले चार, म्हणजे ट्रू काउंट +2 आणि तुमची आघाडी अर्धा टक्का. ट्रेमध्ये चार दिसत असतील, तर उरले दोन, ट्रू काउंट +4 आणि आघाडी जवळपास दीड टक्का. रनिंग काउंट दोन्हीकडे तोच, पैज मात्र एकीकडे दोन एकक (एकक म्हणजे तुमची सर्वांत लहान पैज) असावी आणि दुसरीकडे सहा.

अंदाज नेहमी ट्रेकडे पाहून करा, शूकडे पाहून नाही. शूमध्ये कापायच्या पानामागचा भाग नीट दिसत नाही, ट्रेमधली थप्पी मात्र पूर्ण दिसते. सुरुवातीला अर्ध्या कॅटची चूक झाली तरी फारसं बिघडत नाही. शेवटी तीच चूक महागात पडते. दीड कॅट उरलेले असताना दोन धरले तर +6 चा ट्रू काउंट +4 ऐवजी +3 येतो. भागाकारात अपूर्णांक आला तर तो सोडून द्या, 2.7 ला 2 धरा, आणि हा नियम कायम ठेवा. कधी वर, कधी खाली असं केलंत तर पैजा मनाप्रमाणे हलायला लागतात.

केओ

भागाकार ही अडचण असेल तर केओकडे पाहा. गुण जवळपास तेच, फक्त सत्तीलाही +1. त्यामुळे एका कॅटमध्ये +1 ची 24 आणि −1 ची 20 पाने होतात, आणि पूर्ण कॅट मोजून झाल्यावर बेरीज +4 वर येते. हा मुद्दाम ठेवलेला असमतोल ट्रू काउंटचं काम बऱ्याच अंशी स्वतःच करतो. केन फुक्स आणि ओलाफ व्हँकुरा यांनी ही पद्धत सविस्तर मांडली.

सुरुवात मात्र शून्यापासून नसते. 4 मधून कॅटच्या संख्येची चौपट वजा करा, तो सुरुवातीचा आकडा. एका कॅटला 0, दोनला −4, सहाला −20, आठला −28. दुसरा आकडा पैज वाढवायला सुरुवात करण्याचा: एका कॅटला +2, दोनला +1, सहाला −4, आठला −6. तिसरा +4. तो सगळीकडे सारखा, आणि तिथे पोहोचलात की तुमची आघाडी हाय-लोच्या ट्रू काउंट +4 एवढी असते, शू कुठेही असो. इन्शुरन्स, म्हणजे डीलरचा एक्का दिसत असताना त्याच्या ब्लॅकजॅकवर लावायची बाजूची पैज, +3 पासून घ्यायचा.

केओ कुठे कमी पडते ते समजून वापरा. +4 वर ती बिनचूक असते, त्यापासून लांब गेलं की अंदाज सैल होतो. सहा कॅटच्या शूमध्ये काउंट −4 आहे आणि पाच कॅट उरले आहेत, तर हाय-लोच्या भाषेत तुम्ही +2 च्या थोडे वर आहात. तोच −4 दोन कॅट उरलेले असताना आला, तर तुम्ही जेमतेम शून्यावर आहात. म्हणजे केओ सुरुवातीला तुमची आघाडी थोडी कमी दाखवते आणि शेवटी थोडी जास्त. हे लक्षात ठेवून शूच्या शेवटच्या टप्प्यात −4 च्या आसपास पैज एकदम चढवू नका.

उणे आकड्यांत वर चढताना बरेच जण अडखळतात. −13 मध्ये एक मिळवला की −12, पण घाईत −14 होतं. त्यावर सोपा उपाय म्हणजे सगळ्या आकड्यांत 40 मिळवायचे. सहा कॅटला सुरुवात 20 पासून, पैज 36 पासून वाढवायची, इन्शुरन्स 43 ला, आणि पूर्ण आघाडीचा आकडा 44. मनात मोजायची भाषा मात्र एकच ठेवा. एकोणतीस आणि ट्वेंटी-नाइन यांची सरमिसळ झाली की दहाची चूक सहज होते.

बाकीच्या पद्धती, थोडक्यात

रेड सेव्हन 1983 मध्ये अर्नोल्ड स्नायडर यांनी मांडली. गुण हाय-लोचेच, फक्त लाल सत्तीला, म्हणजे बदाम आणि चौकटच्या सत्तीला, +1. काळी सत्ती शून्य. तीही असमतोल आणि चांगली पद्धत आहे, पण सत्तीचा रंग पाहण्यात डोळा अडकतो. म्हणून नवशिक्याला आम्ही केओच सुचवू.

एक्का-पंजी मोजणीत फक्त पंजीला +1 आणि एक्क्याला −1. टेबलावरचा गोंगाट सहन करत आकडा धरून ठेवायची सवय लावायला ती ठीक आहे. फायदा फार पातळ.

दोन पातळ्यांच्या पद्धतींत काही पानांना 2 गुण असतात. ओमेगा-टूमध्ये 2, 3, 7 ला +1, 4, 5, 6 ला +2, नव्वीला −1, दहाच्या पानांना −2 आणि एक्क्याला शून्य. आता आकडे पाहा. पैज किती लावावी हे सांगण्यातली अचूकता, जिचं कमाल मूल्य 1 असतं, हाय-लोची 0.97, केओची 0.98, झेनची 0.96, ओमेगा-टूची 0.92 आणि हाय-ऑप्ट-टूची 0.91. शेवटच्या दोन पद्धती इथे मागे पडतात, कारण त्या एक्का मोजत नाहीत. ती उणीव भरायला एक्के वेगळे मोजावे लागतात, म्हणजे डोक्यात दोन आकडे. हात कसा खेळावा हे सांगण्यात मात्र ओमेगा-टू आणि हाय-ऑप्ट-टू 0.67 वर आहेत, हाय-लो 0.51 वर आणि केओ 0.55 वर.

सहा किंवा आठ कॅटच्या शूमध्ये जवळपास सगळी कमाई योग्य वेळी मोठी पैज लावण्यातून येते. तिथे 0.97 पुढे 0.67 ला फारसा अर्थ नाही. एक किंवा दोन कॅटच्या खेळात हात खेळण्याचे निर्णय जास्त वजनदार ठरतात आणि तिथेच या पद्धती शोभतात.

दोघींपैकी कोणती, हे ठरवायची चाचणी

विचार करून हे ठरत नाही, हातात कॅट घेऊन ठरतं. एक कॅट पिसा, तीन पाने न पाहता बाजूला ठेवा आणि उरलेली 49 हाय-लोने मोजा. शेवटी +2 आलं तर बाजूच्या तीन पानांची बेरीज −2 असायला हवी. उलटून पाहा. केओसाठी शून्यापासून मोजा. शेवटी +3 आलं तर बाजूची बेरीज +1 हवी, कारण एकूण +4 व्हायला पाहिजे. 30 सेकंदांच्या आत, सलग दहा वेळा बरोबर येईपर्यंत पुढे जाऊ नका. वेग आणि अचूकता यांत आधी अचूकता. 25 सेकंदांत चुकीचं उत्तर काढणाऱ्याला टेबलावर काहीच मिळत नाही.

या टप्प्यावर दोन्ही पद्धती सारख्याच वाटतील. फरक पुढे दिसतो. 26, 52, 78, 104 अशा पानांच्या थप्प्या बनवा आणि लांबून पाहून ओळखा. मग कोणाला तरी थप्पी आणि एक रनिंग काउंट सांगायला लावा आणि ट्रू काउंट दोन सेकंदांत द्या. हे जमलं की शेवटी सहा कॅट घेऊन डीलरसारखे हात वाटा, बेसिक स्ट्रॅटेजी खेळा, मोजा, भागा, शेजारी बातम्या चालू ठेवा. शू संपल्यावर, उरलेली पाने मोजून, काउंट पडताळा आणि बेसिक स्ट्रॅटेजीच्या चुका वेगळ्या लिहा.

भागाकार जोडल्यावर खेळण्याच्या चुका वाढल्या किंवा काउंट हातून सुटायला लागला, तर केओ घ्या आणि त्यात कमीपणा मानू नका. तसं झालं नाही, तर हाय-लो घ्या. तिचा एक मोठा फायदा म्हणजे दोन कॅटच्या टेबलावरून आठच्या टेबलावर गेलात तरी सुरुवात शून्यच आणि ट्रू काउंटचा अर्थही जवळपास तोच. केओमध्ये प्रत्येक टेबलाचे आकडे वेगळे. नेहमी एकाच प्रकारच्या टेबलावर बसणार असाल तर ही अडचण उरत नाही.

निवडल्यानंतर

हाय-लोसाठी सुरुवातीची पैजांची चढण अशी ठेवता येते: +1 पर्यंत एक एकक, +2 ला दोन, +3 ला चार, +4 ला सहा, +5 आणि पुढे आठ. केओसाठी सहा कॅटमध्ये −4 च्या खाली एक, −4 ते −2 ला दोन, −1 ते +1 ला चार, +2 आणि +3 ला सहा, +4 पासून आठ. खेळासाठी बाजूला ठेवलेली रक्कम निदान शंभर कमाल पैजांएवढी असावी, म्हणजे इथे 800 एकक. ती पूर्ण गेली तरी घरखर्चाला धक्का लागणार नाही, इतकंच एकक ठरवा.

हाय-लोवाल्यांनी निर्णयांतले फरक एकेक करून जोडावेत. पहिला +3 पासून इन्शुरन्स, सगळ्यांत किमती तोच. मग 16 असताना समोर दहा असेल तर 0 किंवा वर स्टँड, 15 ला समोर दहा तर +4 पासून स्टँड, 12 ला समोर तिर्री तर +2 पासून आणि समोर दुर्री तर +3 पासून स्टँड. बाकीचे आकडे थांबू शकतात.

डोक्याने मोजणं ही फसवणूक नाही, तरी कॅसिनो तुम्हाला खेळ थांबवायला सांगू शकतं. फोन किंवा कोणतंही उपकरण टेबलावर मोजण्यासाठी वापरणं हा मात्र नेव्हाडासह अनेक ठिकाणी गुन्हा आहे. मोजणीची अ‍ॅप्स घरच्या सरावापुरतीच ठेवा.

पद्धत बदलायची इच्छा बहुतेक वेळा हरलेल्या रात्रीनंतर होते. सारखी पैज लावली तरी एका हाताचं प्रमाण विचलन सुमारे 1.15 एकक असतं, म्हणजे शंभर हातांत निकाल अकरा-साडेअकरा एककांनी इकडेतिकडे होणं अगदी नेहमीचं. एक टक्का आघाडीतून तेवढ्याच हातांत अपेक्षित कमाई एक एकक. त्यामुळे काही रात्रींच्या निकालावरून पद्धतीबद्दल काहीच कळत नाही. पद्धत तपासायची असेल तर शू संपल्यावरचा काउंट किती वेळा बरोबर निघाला ते पाहा. दोन पातळ्यांच्या पद्धतीचा विचारही तेव्हाच करा, जेव्हा घरी वाटलेल्या शूंमध्ये हाय-लोची एकही चूक निघत नाही, एक-दोन कॅटची 3:2 ची टेबलं तुम्हाला नियमित मिळतात आणि मुख्य काउंटबरोबर एक्के वेगळे मोजूनही तुमचा वेग टिकतो.